हात दाखवून सुलक्षण

‘नखे’ हा काही पुरवणीतल्या लेखाचा विषय आहे का, हा प्रश्न प्रथम आमच्या घरातच निघाला. पेन्शन, घराचे कर्ज, मुलांच्या शाळेची निवड असे भारदस्त विषय सोडून ही बाई नखांवर काय लिहिणार, असा भाव यजमानांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. पण मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात चहाच्या वेळी बायकांच्या घोळक्यात जरा उभे राहून पाहावे. ‘तुझ्याकडे कितीला करतात गं?’, ‘जेल लावलं की नखं खराब होतात का?’, ‘आईंना पायांसाठी कुठे नेऊ?’ हे प्रश्न हमखास येतात. उत्तरे मात्र सगळी ऐकीव असतात. अशा ऐकीव माहितीवर मी दोनदा विसंबले. पहिल्या वेळी माझी नखे गेली आणि दुसऱ्या वेळी आईचा पाय थोडक्यात वाचला. म्हणून हा लेख.

दोन अनुभव

माझी डॉक्टरेट उष्णतावहनातली, पण गेली कित्येक वर्षे पोट भरते ते सॉफ्टवेअरवर. दिवसाचे आठ तास बोटे कळफलकावर असतात. बर्लिनच्या हिवाळ्यात खोल्या तापवून हवा कोरडी ठणठणीत होते आणि नखे पापडासारखी मोडतात. एका मैत्रिणीने सांगितले, अमुक ठिकाणी पंधरा युरोत जेल लावून देतात, नखे मोडायचे नाव घेत नाहीत. गेले. तिथल्या मुलीने एक शब्द न बोलता फिरत्या यंत्राने नखे घासली, जेल लावले आणि हात दिव्याखाली ठेवायला सांगितला. काही क्षणांतच बोटांच्या टोकांना चटका बसला. उष्णतेचा अभ्यास केलेल्या बाईने तो मुकाट्याने सोसला! तीन आठवड्यांनी जेलची कड सुटू लागली, तेव्हा मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मी ते सोलून काढले. त्याबरोबर नखाचे पापुद्रेही निघाले. खाली उरली ती कागदासारखी पातळ, जिव्हाळीपर्यंत दुखणारी नखे. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत नवे नख यायला सहा महिने लागतात. पंधरा युरोच्या सौद्याची ती खरी किंमत.

दुसरा अनुभव आईचा. गेल्या उन्हाळ्यात ती सांगलीहून आमच्याकडे आली होती. मधुमेह चौदा वर्षांचा, पण ‘थोडीशी साखर आहे’ असेच ती सांगते. घरी न्हाणीघरात दगडावर बसून वज्रीने टाचा घासायच्या आणि रात्री भेगांत कोकमाचे तेल चोळायचे हा तिचा वर्षानुवर्षांचा क्रम. इथल्या बाथटबमध्ये ते कसे जमणार? वाढदिवसानिमित्त मी तिला आमच्या कोपऱ्यावरच्या लहानशा दुकानात पायांसाठी घेऊन गेले. हे दुकान पहिल्यापेक्षा वेगळे. पन्नाशी उलटलेली एक व्हिएतनामी बाई आणि तिची भाची दोघी मिळून ते चालवतात.

बाईंनी आईचे पाऊल हातात घेतले, उलटे करून पाहिले आणि विचारले, ‘त्सुकर?’ साखर, म्हणजेच मधुमेह. जर्मन लोकही बोलताना असेच म्हणतात. आईने मान हलवली. करंगळीखालच्या कडक झालेल्या कातडीत एक काळसर ठिपका होता. बाईंनी तो बोटाने दाबला. आईला काहीच जाणवले नाही. बाईंनी पाऊल टॉवेलवर अलगद ठेवले आणि मला म्हणाल्या, ‘तुमच्या आईंचे पाय मी करणार नाही. पोडोलोगीत न्या. उद्याच न्या.’ पैसे घेतले नाहीत.

खरे सांगायचे तर मला तेव्हा राग आला. आईसुद्धा हिरमुसली. ‘अगं, माझे पाय इतके का वाईट आहेत?’ असे तिने वाटेत दोनदा विचारले. पण दुसऱ्या दिवशी प्रशिक्षित पादचिकित्सक बाईंनी ती कडक कातडी थराथराने उतरवली, तर खाली मुगाच्या दाण्याएवढी जखम निघाली. त्यांनी लगेच डॉक्टरांकडे पाठवले. मलमपट्टी आणि मऊ पादत्राणे यांवर महिन्याभरात ती भरून आली. वरून पाती फिरली असती तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले. ते इथे लिहीत नाही.

दुकानामागची माणसे

बर्लिनमध्ये, विशेषतः शहराच्या पूर्व भागात, नखांची इतकी दुकाने व्हिएतनामी लोकांची का, याचा शोध घेतल्यावर या देशाचा एक इतिहासच समोर आला.

जर्मनीतले व्हिएतनामी दोन वाटांनी आले. पश्चिम जर्मनीत आले ते मुख्यतः युद्धानंतर होड्यांतून देश सोडणारे निर्वासित. १९७९ मध्ये रुपर्ट नॉयडेक यांनी ‘काप आनामूर’ हे जहाज त्यांच्या मदतीला पाठवले आणि पुढच्या काही वर्षांत दहा हजारांहून अधिक लोकांना समुद्रातून वाचवले. पूर्व जर्मनीत आले ते करारावरचे कामगार. १९८० मध्ये दोन समाजवादी सरकारांत करार झाला आणि हजारो तरुण-तरुणी कापड गिरण्यांत आणि कारखान्यांत कामाला आले. १९८९ मध्ये भिंत पडली तेव्हा त्यांची संख्या साठ हजारांच्या आसपास होती. वसतिगृहात माणशी पाच चौरस मीटर जागा मिळे. बाई गरोदर राहिली तर गर्भपात किंवा परतीचे विमान, असा नियम जवळजवळ शेवटपर्यंत होता.

१९९० नंतर कारखाने बंद पडले आणि करार मोडीत निघाले. तीन हजार मार्क घेऊन परत जा, असे सांगण्यात आले आणि पुष्कळजण गेलेही. जे राहिले त्यांच्यावर १९९१ मध्ये होयर्सवेर्डाला आणि १९९२ च्या ऑगस्टमध्ये रोस्टॉकच्या लिश्टनहागन भागात जमावाने हल्ले केले. रोस्टॉकमध्ये तर शंभरावर माणसे आत असताना इमारत पेटवून दिली आणि खाली लोक टाळ्या वाजवत होते. १९९३ मध्ये राहण्याचा परवाना मिळायची सोय झाली, पण स्वतःच्या कमाईवर जगता येते हे दाखवण्याची अट होती. नोकरी कोण देणार? मग फुलांचे ठेले, भाजीची दुकाने, नूडल्सच्या टपऱ्या, कपडे दुरुस्तीची दुकाने निघाली आणि पुढे नखांची आली.

नखेच का? एक कारण अमेरिकेतले. १९७५ मध्ये अभिनेत्री टिपी हेड्रन कॅलिफोर्नियातल्या निर्वासितांच्या छावणीत मदतीला जात असे. तिथल्या व्हिएतनामी बायकांना तिची नखे आवडली, तेव्हा तिने वीसजणींना हे काम शिकवण्याची व्यवस्था केली. तिथून तो धंदा नात्यागोत्यांतून पसरत गेला. दुसरे कारण जर्मन कायद्यात आहे. केशकर्तनालय काढायचे तर इथे साधारणपणे ‘माइस्टर’ची पदवी लागते. नखांच्या दुकानाला अशी अट नाही. व्यवसायाची नोंदणी केली की काम सुरू करता येते. भांडवल थोडे, भाषा बेताची चालते आणि घरचे माणूस हाताशी घेता येते. माल मिळायलाही अडचण नाही. बर्लिनच्या लिश्टनबर्ग भागातल्या ‘डोंग शुआन’ या मोठ्या व्हिएतनामी बाजारात भाज्यांच्या आणि कपड्यांच्या गाळ्यांबरोबर नखांच्या सामानाचेही गाळे आहेत.

आमच्या कोपऱ्यावरच्या बाई या करारावरच्या कामगारांपैकीच. एकोणीस वर्षांच्या असताना गिरणीत आल्या. ‘तुम्हाला आईची जखम कशी कळली?’ असे मी नंतर विचारले, तेव्हा म्हणाल्या, ‘माझ्या आईचा पाय असाच गेला. मी इथे होते.’ पुढे आम्ही दोघी काही बोललो नाही. सात समुद्रांपलीकडे आईवडील म्हातारे होत असल्याचे दुःख मराठी माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पंधरा युरोचे गणित

आता पैशाकडे वळू. आमच्या दुकानात हाताला जेल लावायचे तीस युरो पडतात. मग दुसरीकडे पंधरात कसे होते? थोडी आकडेमोड करू.

तीस युरोतून १९ टक्के मूल्यवर्धित कर वजा केला की उरतात २५.२१ युरो. कामाला पाऊण तास लागतो. किमान वेतन २०१५ मध्ये तासाला ८.५० युरोने सुरू झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून ते १३.९० युरो आहे. म्हणजे पाऊण तासाचे १०.४३. त्यावर मालकाने भरायचा सामाजिक विम्याचा वाटा सुमारे २१ टक्के धरला की मजुरी पडते १२.६१ युरोला. उरलेल्या साडेबारा युरोत दुकानाचे भाडे, वीज, सामान, पगारी रजा, आजारपण आणि गिऱ्हाईक नसलेल्या वेळेचा पगार बसवायचा. नफा फारसा नाही, पण हिशेब बसतो.

आता हेच पंधरा युरोला करून पाहा. कर वजा जाता उरतात १२.६१. म्हणजे नेमकी मजुरीच! भाड्याला एक सेंटही शिल्लक नाही. तेव्हा नोकर ठेवून कोणी पंधरात हे काम करत असेल, तर कोठेतरी काहीतरी वाचवले जाते आहे. वेळ वाचतो आहे, माल हलका आहे, की मजुरी पूर्ण दिली जात नाही? जर्मन सीमाशुल्क खात्याची बेकायदा मजुरीविरुद्धची शाखा नखांच्या दुकानांवर छापे घालते ते याच कारणाने. कर्ज काढून आणलेली अल्पवयीन मुले-मुली अशा दुकानांत राबताना सापडल्याची प्रकरणे घडली आहेत. माझी नखे न बोलता घासणारी ती मुलगी कोण होती, किती वर्षांची होती, हे मी त्या दिवशी विचारले नाही. ते आजही मनाला लागून आहे.

पण स्वस्त म्हणजे चोरीचेच असेही नाही. मालकीण स्वतःच काम करत असेल तर किमान वेतनाचा नियम तिला लागू होत नाही. आदल्या वर्षाची उलाढाल पंचवीस हजार युरोंच्या आत असलेल्या लहान व्यावसायिकाला मूल्यवर्धित कर न आकारण्याची सवलत घेता येते. एकटीचे दुकान, मागच्या गल्लीतली जागा आणि कमी भाडे असेल तर वीस-बावीस युरोचा भावही प्रामाणिक असू शकतो. त्यामुळे नुसता भाव पाहू नये, त्यामागचे दुकान पाहावे.

दिव्याखाली काय होते

साधे नेलपॉलिश वाळते, म्हणजे त्यातला द्रावक उडून जातो. जेल वाळत नाही, घट्ट होते. त्यात ॲक्रिलेट जातीचे लहान रेणू असतात आणि प्रकाश पडताच काम सुरू करणारा एक पदार्थ असतो. साधारण ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पडला की तो पदार्थ फुटतो आणि लहान रेणू हातात हात घालून साखळ्या करू लागतात. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. थर जाड असेल तर ती एकदम बाहेर पडते आणि चटका बसतो. उपाय सोपा आहे: पातळ थर द्यायला सांगावे आणि चटका बसताच हात बाहेर काढावा, मग थोड्या वेळाने पुन्हा ठेवावा. मी तो लाजेने ठेवून दिला, ही माझी चूक.

खरा धोका चटक्यापेक्षा अर्धवट घट्ट झालेल्या जेलचा. दिवा जुना किंवा त्या जेलला न जुळणारा असेल तर काही रेणू मोकळे राहतात. ते कातडीला पुन्हापुन्हा लागले की ॲलर्जी होऊ शकते आणि एकदा झालेली ही ॲलर्जी सहसा जन्मभर राहते. हेमा नावाचा यातला एक रेणू दाताच्या भरावातही वापरतात, म्हणजे पुढे दंतवैद्याकडेही अडचण. म्हणूनच युरोपीय संघाने २०२१ पासून हेमा असलेली नखांची उत्पादने फक्त व्यावसायिकांनी वापरावीत, असा नियम केला. प्रकाशाने फुटणाऱ्या पदार्थांपैकी ‘टीपीओ’ या एकावर तर १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत पूर्ण बंदी आहे. घरी करायचे स्वस्त संच मागवणाऱ्या आपल्या मुलींनी हे जरूर वाचावे.

काढतानाही घाई नको. काढता येणारे जेल ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस दहा-पंधरा मिनिटे बांधून ठेवला की सुटते. सोलू नये. नख हे केराटिनच्या थरांचे बनलेले असते आणि जेलबरोबर वरचे थर निघून येतात.

पायांसाठी कोणाकडे जावे

इथे तीन शब्दांत गल्लत होते. ‘नागेलश्टूडिओ’ हे नखे सजवण्याचे दुकान. ‘कोस्मेटिशे फूसफ्लेगे’ म्हणजे निरोगी पायांची निगा: नखे कापणे, टाचा घासणे, मालिश. आणि ‘पोडोलोगी’ म्हणजे पायांची वैद्यकीय चिकित्सा. २ जानेवारी २००२ पासून लागू असलेल्या कायद्याने ‘पोडोलोगे’ ही संज्ञा संरक्षित आहे. ठरावीक प्रशिक्षण आणि सरकारी परीक्षा झाल्याशिवाय ती पाटीवर लावता येत नाही.

मधुमेह, पायाला बधिरपणा, रक्त पातळ करणारी औषधे, मांसात रुतलेले नख, पिकलेले नखुरडे किंवा दुखणारे कुरूप, यांपैकी काहीही असेल तर थेट पोडोलोगीत जावे. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात, त्यामुळे जखम दुखत नाही, आणि न दुखणारी जखम कोणी पाहत नाही. मधुमेहामुळे पायांवर परिणाम झाला असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सरकारी विमा हा खर्च देतो. रुग्णाचा ठरावीक वाटा तेवढा भरावा लागतो. पाहुण्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात मात्र जुने आजार बहुधा धरत नाहीत. आम्ही पहिल्या वेळेचे बेचाळीस युरो खिशातून दिले. पोडोलोगीत नव्या रुग्णाला वेळ मिळायला आठवडे लागतात. आम्हाला रद्द झालेली एक जागा मिळाली हे नशीब. म्हणून आईवडिलांचे विमानाचे तिकीट काढाल त्याच आठवड्यात ही वेळही मागून ठेवा.

आणि एक घरगुती उपाय. रोज रात्री त्यांच्या तळपायांवरून एकदा नजर फिरवा. वज्री आणि पाती बंद. कोकमाचे तेल भेगांना चालू द्या, पण बोटांच्या बेचक्यांत नको, तिथे ओल राहते.

स्वस्तात, पण नीट

पहिली गोष्ट, भावफलक. इथल्या नियमाप्रमाणे तो दुकानात असायलाच हवा, आणि दर्शनी खिडकी असेल तर तिथेही. फलक नसेल तर पुढे चालू लागा. दुसरी, अवजारे. कातडीला इजा करू शकणारी अवजारे निर्जंतुक केलेल्या बंद पाकिटातून तुमच्यासमोर निघावीत. कागदी कानशी दर गिऱ्हाइकाला नवी हवी. पाय बुडवायचे भांडे तुमच्यासमोर पुसले गेले पाहिजे. अशा दुकानांची पाहणी करण्याचा अधिकार स्थानिक आरोग्य कार्यालयाला आहे, तेव्हा विचारायला संकोच नको.

तिसरी, नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी कापू देऊ नका. ती दाराच्या चौकटीतल्या रबरासारखी असते, जंतूंना आत येऊ देत नाही. ‘बिटे निष्ट श्नायडन, नूर त्सुरुकशीबन’, म्हणजे कापू नका, फक्त मागे सारा, एवढे वाक्य पाठ करून ठेवा. चौथी, पैसे वाचवायचे तर कामात वाचवा, माणसात नको. जेल आणि नक्षी सोडून नखांना आकार आणि साधे पॉलिश एवढेच करा. आमच्याकडे त्याचे अठरा युरो पडतात. पायांचे काम सहा आठवड्यांनी केले तरी चालते, कारण पायाचे नख हाताच्या निम्म्याहून कमी वेगाने वाढते. पाचवी, ‘क्विटुंग’ म्हणजे पावती मागा. तो तुमचा हक्क आहे. वर पाच-दहा टक्के बक्षिशी द्या आणि ती काम करणाऱ्या हातातच द्या.

आणि सहावी गोष्ट, जी कोणत्याही नियमात नाही. त्या बाईशी दोन शब्द बोला. आपल्याकडे न्हावी नराणीने नखे काढता काढता गावाची सगळी खबर सांगत असे, आणि आपल्या पायांना काय झाले आहे हेही त्याला आधी कळत असे. परक्या गावात आपले पाऊल हातात घेऊन बघणारे माणूस सहसा भेटत नाही.

आई डिसेंबरात फोनवर म्हणाली, ‘त्या बाईंना माझं विचारलंस का?’ मी विचारले. बाईंनी हातातले काम थांबवून उलट विचारले, ‘पाय कसे आहेत? रोज बघतात ना?’ रोज बघते, बाबा भिंग घेऊन बघतात, असे मी सांगितले. ‘हात दाखवून अवलक्षण’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आईने त्या दिवशी तिथे पाय दाखवला आणि अवलक्षण टळले. माझ्या हातांना मात्र आता अठरा युरोचे साधे पॉलिश असते, आणि दर महिन्याला मी त्याच कोपऱ्यावर जाते.